मामा, मोठी मावशी आणि अर्धा ट्रफल

माझा मामा समोरच्याच्या डोळ्यांत बघून कधी बोलत नाही, तोंडाकडे बघतो. नवीन माणसाला वाटतं आपल्या ओठाला काहीतरी लागलंय, म्हणून तो घाईघाईने रुमाल काढून पुसतो, आणि मामा आणखीच निरखून बघायला लागतो. टीव्हीवर बातम्या देणारी बाई पडलेल्या चेहऱ्याने कुठलं तरी सरकार कोसळल्याचं सांगत असते आणि मामा हातातला ग्लास तसाच धरून म्हणतो, "वरचे पुढचे नवीन बसवलेत. काम स्वच्छ आहे." सरकारचं त्याला काही देणंघेणं नसतं.

मामा कवळ्या करतो. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे. तिथे त्याचं टेबल, मेण वितळवायचा छोटा गॅस, घासायचं चाक आणि भिंतभर फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. घरी येतो तेव्हा भुवयांवर पांढरी पूड असते, म्हणून तो रोज संध्याकाळी म्हातारा होऊन येतो आणि तोंड धुतलं की परत होता तेवढाच होतो. खोलीच्या भिंतीला एक सरकती खिडकी आहे. पलीकडे डॉक्टर. खिडकी सरकते, एक हात येतो, कुणाच्या तरी तोंडाचं ओलं माप आत ठेवतो, खिडकी बंद. भिंतीतून डॉक्टरांचा पाकात बुडवून काढलेला आवाज मात्र येत राहतो: "आ करा. अजून मोठा आ. शाब्बास. आता मिटा, सावकाश, आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?" लोकांची तोंडं मामाकडे येतात, लोक येत नाहीत.

माप घ्यायचं डॉक्टरांनी, कवळी करायची मामाने, बसवायची परत डॉक्टरांनी. जिवंत माणसाच्या तोंडात मामाने बोट घालायचं नाही, असा तिथला नियम. मामा तो पाळायचा, पण कुरकुरत. जेवायला बसला की हमखास सुरू. "माप वाकडं आलं तर कवळी वाईट. माप सरळ आलं तर डॉक्टर चांगले. मी कुठेच नाही." आई म्हणायची, "दादा, तू ताटासमोर आहेस. जेव, गार होतंय."

घरात आम्ही चौघं. आई, मी, मामा आणि मोठी मावशी. बाबा बोटीवर असतात, ते येतात तेव्हा पाच. मोठी मावशी म्हणजे या तिघांमधली सगळ्यात थोरली. त्यांची आई गेली तेव्हा मामा चालायला शिकत होता आणि माझी आई पाळण्यात होती. मावशीने दोघांना वाढवलं. मामा एवढा मोठा झाला तरी ती त्याला अजून बाळ्या म्हणते. बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत तिने सगळी नोकरी काढली, आणि तिथला तिचा आवाज मी पाळण्यापासून ऐकलाय, तो मला येतोच. "तीन नंबरला लागेल. नाही, तीन. बोटं दाखवू? ही एक, ही दोन, आणि ही तुमच्यासाठी खास." लोक गाडी माहीत असली तरी विचारायला यायचे, नुसती बोलणी खायला. मला घरात रेडिओ म्हणतात ते मी सगळ्यांचे आवाज काढते म्हणून, पण खरं प्रसारण केंद्र मोठी मावशीच होती.

मागच्या वर्षी तिचे उरलेसुरले दात काढले. डॉक्टर म्हणाले, "हिरड्या भरून आल्या की या, माप घेऊ." जिना उतरतानाच मामाने जाहीर केलं, "माप मी घेणार. माझ्या ताईचं तोंड त्या खिडकीतून यायचं नाही."

आणि त्याने ते घेतलं, आमच्या स्वयंपाकघरात. मावशीच्या गळ्यात टॉवेल बांधला, आमच्याच वाडग्यात गुलाबी पेस्ट कालवली, आणि जन्मात कुणाची नक्कल न केलेला माझा मामा डॉक्टरांच्या आवाजात म्हणाला, "आ करा. शाब्बास. आता मिटा." मावशी हसली. आम्ही सगळेच हसलो. पुढे काही दिवसांनी तो एका मखमली डबीतून कवळी घेऊन आला, अंगठी आणतात तशी. मावशीने बसवली, आरशात बघितलं.

"कसं वाटतंय ताई?"

"छान."

मामाची छाती जी फुगली ती वर्षभर उतरली नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू खास बघायला आल्या. काकूंचं प्रत्येक वाक्य सोवळं नेसून येतं. "नाही म्हणजे मी आपलं सहज म्हणते हो, पण तोंड कसं भरून आलंय. भावाने दात दिले, हे काही सगळ्यांच्या नशिबात नसतं." मामा खाली बघून लाजला आणि खाली बघता बघता त्याने काकूंची दाढ बघून घेतली.

त्यानंतर मोठी मावशी हळूहळू शांत झाली. विचारलेल्याला उत्तर, तेही दोन शब्दांत. आई म्हणाली, वय झालं की माणूस निवतो. मामा म्हणाला, "आयुष्यभर खिडकीत ओरडली. आता कुठे तिला आराम मिळतोय." हे तो अशा समाधानाने सांगायचा, जसं काही कवळीबरोबर आरामसुद्धा त्यानेच घडवून दिला होता. मला मात्र ती दोन आवाजांत ऐकू यायची. खोलीचं दार लावून जुन्या मैत्रिणीशी फोनवर बोलायची तेव्हा धबधबा, पण शब्द सगळे मऊ, कापसात गुंडाळलेले. बाहेर आली की शब्द कडक आणि मोजके, शेवटी एक बारीक शिट्टी. मी मैत्रिणींना दोन्ही करून दाखवायचे, आतली मावशी आणि बाहेरची मावशी. माझ्या दृष्टीने तो एका तिकिटात दोन खेळ होता.

वर्षअखेरच्या सुट्टीला आमच्याकडे माणसं जेवायला येतात आणि मावशीची बदाम बिस्किटं असतात. दोनदा भाजलेली, इतकी कडक की टेबलावर ठेवली तरी दार वाजल्यासारखं वाटायचं. चहात बुडवायची, धीर धरायचा, मग चावायची. या वर्षी तिने सांगितलं, "ट्रफल करू. ओव्हन बिघडलाय."

"ओव्हन?" आई म्हणाली. "परवा तर बटाटे भाजले त्यात."

"बटाट्याला चालतो. बिस्किटाला नाही."

हे ऐकून आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. पण बिनओव्हनचा, बिनभाजणीचा पदार्थ म्हणजे आपल्याला कमी काम, म्हणून दोघींनी विषय तिथेच सोडला.

सुट्टीच्या सकाळी आम्ही चौघंही स्वयंपाकघरात होतो. साध्या बिस्किटांचा चुरा, कंडेन्स्ड मिल्क, लोणी, कोको, आणि गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वितळवलेलं चॉकलेट, सगळं एकत्र मळायचं, फ्रिजमध्ये घट्ट करायचं आणि गोळे वळायचे. लाटण्याने बिस्किटं चिरडायचं काम माझं होतं. मी मनापासून चिरडली. मावशीने चुरा चाळणीतून काढला. चाळणीत राहिलेले कण परत माझ्याकडे.

"अजून बारीक."

"मावशी, याचं पीठ झालंय."

"पीठच पाहिजे."

मामा वळायला बसला. मेणाला हात बसलेला माणूस, त्याचे गोळे एका साच्यातून पडल्यासारखे. आईचे बघितले तर एक बटाटा, एक अंडं, एक काय ते सांगता येत नाही. मामा तिचे उचलून गुपचूप नीट करत होता. "दादा, माझ्या पोरांना हात लावू नकोस," आई म्हणाली. "तुझी पोरं बसत नाहीत, लवंडतात," मामा म्हणाला. तो खुशीत होता. त्याने फडताळातून बदामांची बरणी काढली.

"ताई, थोडे बारीक करून घालू ना. तुझ्या बिस्किटांची तेवढीच आठवण."

"नको."

"चार दाणे."

"नको म्हटलं ना बाळ्या." बरणी त्याच्या हातातून घेऊन तिने परत वर ठेवली, मागे, डब्यांच्या आड. मामा जरा ओशाळला. मग म्हणाला, बरोबर आहे, मऊच बरे लागतात, पाहुण्यांत म्हातारी माणसं असतात.

पहिला ताटभर माल फ्रिजमधून बाहेर आला तेव्हा मावशीने एक ट्रफल उचलला आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीशी गेली. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. काकू होत्या, त्यांना मोठा ट्रे हवा होता. "नाही म्हणजे असला तर द्या, नसला तर आम्ही आपलं ताटलीत वाढू, कुठे काय." मावशीने घाईने हातातला अर्धा ट्रफल बशीत ठेवला, बशी साखरेच्या डब्यामागे सरकवली आणि पदराने तोंड पुसत दाराकडे गेली.

मामाला साखर हवी होती. गोळे कशात घोळवायचे, कोकोत की साखरेत, यावर त्याचा आणि आईचा वाद चालला होता. त्याने डबा उचलला आणि मागे ती बशी दिसली.

त्याने तो अर्धा ट्रफल दोन बोटांत धरला आणि उजेडाकडे नेला. आधी वरून, मग खालून, मग आडवा करून. फळीवरचा जबडा उचलून बघतो ना, अगदी तसा.

"काय झालं, झुरळ पडलंय का?" आईने विचारलं.

"हा कोणाचा?"

"ताईचा असेल. टाक तोंडात, तिचं उष्टं खाऊनच मोठा झालास."

मामाने ट्रफल बशीत ठेवला. अगदी हळू. मग हात न धुता, चॉकलेटच्या हातांनीच, मागच्या जिन्यावर जाऊन बसला. मी मागोमाग गेले. मला वाटलं बदामावरून फुगलाय, आणि फुगलेला मामा माझ्या संग्रहात नव्हता.

तो कठड्याकडे बघून बोलत होता. "दाताने चावलं की काठ तुटतो. खाचा पडतात, प्रत्येक दाताची वेगळी. हा तुटलेलाच नाही. दाबलाय. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत." त्याने स्वतःच्या बोटावर अंगठा दाबून दाखवला. "हिरडीने खाल्लाय तिने."

"मग? कवळी काढून ठेवली असेल."

"चव घेताना कुणी कवळी काढतं का रेडिओ? कवळी काढतात ती दुखते म्हणून."

मग मी त्याला आतली मावशी आणि बाहेरची मावशी सांगितली. मजा म्हणून नाही, त्याने विचारलं म्हणून. पण सांगताना आवाज आपोआप तसे निघाले, आधी कापसातला, मग शिट्टीचा. मामाने डोळे मिटून ऐकलं. "परत कर," म्हणाला. मी परत केला. "शिट्टी येते म्हणजे वरचे पुढे आलेत. म्हणजे मिटतच नाही बरोबर." तो एवढं सगळं माझ्या तोंडातून तपासत होता आणि मला एकदम कसंतरी झालं. मी वर्षभर ज्याला खेळ म्हणत होते ते मावशीचं दुखणं होतं आणि मला त्याचे दोन्ही भाग तोंडपाठ होते.

"ती हसली होती," मामा म्हणाला. "माप घेताना. मीच हसवलं. हसताना जबडा सरकतो. पेस्टमध्ये ते दिसलं मला. पण पेस्टचा डबा संपला होता. दवाखान्यातून न विचारता आणलेला. परत आणायचा तर डॉक्टरांना सांगावं लागलं असतं. मग मी साचा डोळ्याने जुळवला. म्हटलं, माझ्या ताईचं तोंड मला माहीत नाही का."

"पण ती तर छान म्हणाली."

"ती छानच म्हणते," मामा म्हणाला आणि उठला.

तो सरळ मावशीकडे गेला. ती ट्रे पुसत होती. "ताई, कवळी टोचते का तुला?" मावशीने उत्तर द्यायच्या आधी पाठ फिरवली आणि कमरेचा रुमाल काढून तोंडाशी नेला. "छान आहे रे. काय मधेच. हात धू आधी, दाराला चॉकलेट लावलंस." परत वळली तेव्हा कवळी तोंडात होती. तिने मामाकडे बघून छान हसून दाखवलं. मामाने इतकं वाईट हसणं आयुष्यात बघितलं नसेल, कारण त्याला आता त्यातला प्रत्येक दात कुठे रुततोय ते दिसत होतं.

संध्याकाळी माणसं आली. काकू, काका, आईच्या ऑफिसातल्या दोघी. टेबलावर पाव, भाजलेली कोंबडी, सॅलड. मावशी मामाच्या समोर बसली होती. मामाने पानात वाढलेलं काहीच खाल्लं नाही. तो मावशीचं जेवण मोजत होता. ती पावाचा नखाएवढा तुकडा तोडायची, तोंडात ठेवायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि गिळायची. चावत नव्हतीच. कोंबडीचा तुकडा तिने सॅलडच्या पानाखाली झाकला. मधे मामाशी नजरानजर झाली तर तिने मुद्दाम, त्याला दाखवायला, काकडीची एक चकती उचलली आणि चावली. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी आलं आणि ती हसत राहिली.

"नाही म्हणजे मी आपलं सहज म्हणते," काकू म्हणाल्या, "पण ताईंना काकडी खाताना बघून बरं वाटतं हो. आमच्या ह्यांची कवळी डबीतच असते. भाऊ करणारा असला की फरक पडतोच."

मामा उभा राहिला.

"ताई, काढ ते."

कुणाचा तरी काटा ताटात वाजला.

"बाळ्या, बस खाली."

"चुकीची केलीय मी. माप चुकलं होतं. मला माहीत होतं. काढ ताई, तुला लागतंय. ती खातच नाहीये," हे शेवटचं त्याने सगळ्यांना सांगितलं, कोंबडीवरचं सॅलडचं पान काट्याने बाजूला करून. "हे बघा. वर्षभर खात नाहीये."

मावशीचा चेहरा मी कधी पांढरा झालेला बघितला नव्हता. ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली, खोलीत गेली आणि दार लावलं. काकूंना पहिल्यांदाच सहज काही म्हणायचं नव्हतं.

आई हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुला आत्ताच सुचलं?"

पाहुण्यांनी ट्रफल कागदात बांधून घेतले आणि लवकर निरोप घेतला. मामा मावशीच्या दारापुढे उभा होता. मी आणि आई ताटं उचलत होतो, म्हणजे मी एकच ताट पुन्हा पुन्हा उचलत होते, कारण तिथून ऐकू यायचं.

"ताई."

त्याने दारावर बोट वाजवलं.

"ताई, मला वाटलं मी बोललो की तुझी सुटका होईल."

दाराआडून आवाज आला तो मऊ होता, कापसातला. तिने कवळी काढली होती. मामाने तिचा हा आवाज वर्षभरात ऐकला नव्हता आणि तो ऐकून त्याने दाराच्या चौकटीला हात लावला.

"माझी सुटका? तुझी झाली. वर्षभर मी तोंड मिटून बसले ते तुझ्यासाठी. डबी घेऊन आलास तेव्हाचं तुझं तोंड बघितलं होतं मी. आणि तू चार माणसांत माझ्या पानातलं उचकून दाखवलंस. लहान मुलाचं दाखवतात तसं."

"हो."

"नुसतं हो काय म्हणतोस."

"दुसरं काय म्हणू. दोन्ही वेळा मी मलाच बघितलं. माप घेतानाही आणि आत्ताही."

तो चौकटीला टेकून खाली बसला. मग मामा म्हणाला, "उद्या दवाखाना उघडला की डॉक्टरांना सांगतो. माप मी घेतलं म्हणून."

आत पलंग करकरला. "ठेवतील का तुला?"

"माहीत नाही."

"मग नको सांगूस. मला काय, मी मऊ खाईन."

"ताई, पुरे आता तुझं मऊ," मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज असा फुटला की मी ताट खाली ठेवलं.

दार उघडलं. मावशी बोळक्या तोंडाने बाहेर आली, ओठ आत गेलेले, हनुवटी वर. कुणाकडे न बघता टेबलाशी येऊन बसली. तिने पाव दुधात कुस्करला आणि आमच्यासमोर खाल्ला, भरभर, भुकेल्या माणसासारखा. मामा समोर बसून ते बघत होता. तिने एकदा मान वर करून म्हटलं, "काय बघतोस, तूही जेव की." तेव्हा कुठे त्याने घास घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्याच्या पुढच्या दाराने आत गेलो. इतकी वर्षं मागच्या दाराने जाणाऱ्या मामाला कुठल्या खुर्चीत बसायचं तेच कळेना. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही इकडून कसे? पाय चुकला का?" मामा म्हणाला, "नातेवाईक आहे." आणि बसला, गुडघे जुळवून.

डॉक्टरांनी कवळी हातात घेऊन फिरवली. "काम तर आपल्याकडचं आहे."

"हो."

"माप माझं नाही."

"नाही. माझं. घरी घेतलं. सरकलेलं दिसत होतं, पण पेस्ट संपली होती."

मी डॉक्टरांच्या आवाजातल्या पाकाची वाट बघत होते. तो आलाच नाही. कोरड्या आवाजात ते म्हणाले, "मागितली असतीत तर डबा दिला असता मी. नाही म्हटलं असतं का?"

मामाने मान हलवली. नाही म्हटलं नसतं, हे त्यालाही माहीत होतं. वर्षभराची उपासमार एका डब्यापायी, आणि तो डबा मागायला लागू नये म्हणून. डॉक्टरांनी ओरडायला हवं होतं, निदान मामाला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "पुन्हा असं झालं तर ती खिडकी कायमची बंद. आता ताईंना खुर्चीत बसवा."

नवीन कवळी मामानेच केली, पण रोज खिडकीवर टकटक करून विचारत विचारत. डॉक्टर वैतागून म्हणायचे, "अहो, बरोबर आहे ते, करा पुढे." मेणाची कच्ची कवळी लावून बघायच्या दिवशी त्यांनी मामाला मागच्या खोलीतून पुढे बोलावलं आणि खुर्चीजवळ उभं केलं. मावशी आ करून, मिटून, जीभ फिरवून झाली.

"कसं वाटतंय?" डॉक्टर.

"छान," मावशी म्हणाली.

मामा वाकला. "ताई. खरं सांग."

मावशीने छताकडे बघितलं. खोटं बोलायची इतकी सवय झालेली की खरं कुठे ठेवलंय तेच तिला सापडत नसावं. "उजवीकडे टोचतंय," ती म्हणाली. "मागे. खाली."

डॉक्टरांनी तासलं. "आता?"

"अजून टोचतंय. आणि वर काहीतरी जाड लागतंय. आणि हा दिवा माझ्या डोळ्यांत कशाला मारलाय?"

परत येताना ती मधे चालत होती, मामा एका बाजूला, मी दुसऱ्या. कोपऱ्यावरचं दुकान आलं. मग तीच म्हणाली, "आणि ती उशी आणलीस ना मला, औषधी की कसली. मान धरते तिने."

"बरं," मामा म्हणाला.

"आणि सकाळचा चहा तू करतोस तो. चहा नसतो तो, भांडं विसळलेलं पाणी असतं."

"कधीपासून?"

"करायला लागलास तेव्हापासून."

"ताई, शाळेत होतो मी तेव्हा."

"हो. स्टुलावर चढून केला होतास. कसं सांगणार."

मामाचे कान लाल झाले होते. मावशी बोलत राहिली, खोलीचा रंग, हिवाळ्यातली ती टोचरी शाल, नोकरी संपली त्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर केलेलं भाषण. मामा प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होता. घर जवळ आलं होतं. त्याने चाल कमी केली, मग आणखी कमी केली, म्हणजे दारापर्यंत पोचायच्या आत तिचं सगळं सांगून होईल.